नाव फरार, पण बाई पळाल्या नाहीत

कुठल्याही मोठ्या कामाची सुरुवात कशी थाटात होते! नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, चार लोक कौतुक करतात. शेवटही सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण मधल्या टप्प्याचं काय? पहिला उत्साह ओसरलेला असतो, शेवट नजरेच्या टप्प्यात नसतो आणि "कसं चाललंय गं?" असं विचारायलाही कुणी फिरकत नाही. बचत गट असो की साक्षरता वर्ग, बायका गळतात त्या नेमक्या इथेच. पहिल्या महिन्यात सतरंजी पुरत नाही, सहाव्या महिन्यात ती निम्मी रिकामी दिसते. गेली कित्येक वर्षं मी हे पाहतेय.

अशा वेळी मला हमखास आठवतात त्या मिस सिंथिया फरार. सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रात हे नाव आपण ओझरतं वाचलेलं असतं. आडनाव ऐकून हसूही येतं. पण बाई मात्र नावाच्या अगदी उलट!

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या या शिक्षिका 1827 मध्ये मुंबईला निघाल्या, तेव्हा त्यांचं वय होतं बत्तीस. लग्न झालेलं नव्हतं. त्या काळी परदेशी जाणारी मिशनरी बाई म्हणजे बहुतेक वेळा मिशनऱ्याची बायको. एकटीनं जाणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सुएझचा कालवा झाला 1869 मध्ये, म्हणजे यांचा प्रवास शिडाच्या जहाजातून, आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिन्यांचा! घरी पत्र पाठवलं तर उत्तर यायला वर्षही लागायचं. आई आजारी आहे असं कळायचं, तोवर तिचं बरं झालेलं असायचं किंवा सगळं संपलेलं असायचं.

काम होतं मुलींच्या शाळांचं. मुलगी शिकली की विधवा होते, असं मानणाऱ्या समाजात परक्या धर्माची, परक्या भाषेची बाई मुली मागायला दारोदार जाणार! तरी 1829 पर्यंत मुंबईतल्या नऊ शाळांच्या पटावर सुमारे चारशे मुली होत्या. लिहिणं-वाचणं आणि सोबत शिवणकाम.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. लोक बिचकायचे ते उगाच नव्हे. ती भीती खरी होती आणि मुलींच्या हातात आलेली अक्षरंही खरी होती. दोन्ही गोष्टी एकदमच मान्य करायला लागतात.

दहा वर्षं झाली आणि तब्येत ढासळली. 1837 मध्ये फरारबाई अमेरिकेला परत गेल्या. वय बेचाळीस. आता तिथेच राहिल्या असत्या तर कोण नावं ठेवणार होतं? उन्हाळे सोसून झाले होते, दहा वर्षांची सेवा झाली होती. आपल्याकडे चाळिशी ओलांडलेल्या बाईला "आता पुरे कर, तब्येतीला जप" असंच सांगतात ना? पण 1839 मध्ये बाई परत जहाजात बसल्या आणि आल्या त्या थेट अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला.

मला विचाराल तर त्यांचं पहिलं येणं सोपं होतं. तेव्हा काय वाट्याला येणार हे माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा त्या आल्या ते सगळं माहीत असताना. ऊन, आजार, एकटेपण, रिकामे होणारे वर्ग, सगळं!

जानेवारी 1862 मध्ये नगरलाच त्यांचं निधन झालं. हिशेब केला तर हिंदुस्थानशी जोडलेली चौतीस वर्षं आणि त्यांचा बरोबर मध्य येतो 1845 च्या सुरुवातीला. त्या वेळी बाईंना काय दिसत होतं? तेच वर्ग, त्याच पाट्या. आपण अर्ध्यावर आलोय, हेदेखील त्यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं.

आता गंमत बघा. ज्या 1827 साली बाई निघाल्या, त्याच साली जोतीरावांचा जन्म झालेला. 1845 मध्ये ते सतरा-अठरा वर्षांचे होते आणि सावित्रीबाई अवघ्या चौदाच्या. आणखी तीनच वर्षांनी, 1848 मध्ये, जोतीरावांनी नगरला मिशनची मुलींची शाळा पाहिली आणि त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचे धडे फरारबाईंकडे घेतले. म्हणजे या बाईंच्या कष्टांतून आपल्या घराघरापर्यंत जे पोचलं, ते अर्धी वाट सरल्यानंतरचं! बाई 1837 मध्ये गेल्या त्या गेल्याच असत्या तर?

आजकाल मिशनवर जाणाऱ्या मुलींना मुदत आधीच माहीत असते. मॉर्मन चर्चच्या मुली दीड वर्षासाठी जातात, म्हणजे नऊ महिने झाले की अर्धं झालं. 2019 पासून त्यांना दर आठवड्याला घरच्यांशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलताही येतं. कॅलेंडरवर फुली मारता आली की मनाला बरं वाटतं, नाही का?

म्हणून आमच्या वर्गात आम्ही सहाव्या महिन्यातच छोटा कार्यक्रम करतो. ज्या बाईला सही येऊ लागली, तिनं सगळ्यांसमोर बँकेची स्लिप भरायची. चहा-पोहे, टाळ्या, बस्स! खर्च फारसा नाही, पण सतरंजीवरच्या रिकाम्या जागा बऱ्याच भरतात.

तुमच्या ओळखीत कुणी अशी अर्ध्या वाटेवर असेल. वयाच्या पस्तिशीत बी.ए.ची परीक्षा देणारी, आजारी सासूचं वर्षानुवर्षं करणारी, दूरच्या गावी नोकरीला गेलेली. तिच्या सत्काराची वाट बघू नका. आत्ताच, आज संध्याकाळी, तिला एक फोन करा.