रेंज एकदाच

ताईंच्या कादंबरीत दोन माणसं प्रेमात पडण्याआधी एस.टी.चं वेळापत्रक तयार असतं. चिपळूणहून कऱ्हाडला जाणारी गाडी कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला किती वाजता पोचते, पाटणला किती वेळ थांबते, चालक चहाला उतरला की मागचे प्रवासी उतरतात की खिडकीतूनच भजी मागवतात, हे सगळं वहीच्या डाव्या पानावर. उजव्या पानावर त्या वेळात कोण काय बोलेल. आणि त्याखाली, लाल शाईत, कोण काय बोलणार नाही. लाल शाईचा मजकूर नेहमी जास्त भरतो.

ताई टोपणनावाने लिहितात. खरं नावही छापू नकोस आणि खोटंही छापू नकोस, असं त्यांनी मला बजावलं, कारण सासरच्या एका चुलत नणंदेला अजून काही माहीत नाही आणि ती त्यांचीच कादंबरी दर मंगळवारी आणि शुक्रवारी मोबाइलवर वाचते. वाचून ताईंनाच फोन करून गोष्ट सांगते. ताई ऐकून घेतात. वाचकाला नेमकं काय लक्षात राहिलं, हे यापेक्षा खात्रीने कुठे कळणार?

नोकरी एस.टी.त झाली, आधी चौकशीच्या आणि मग आरक्षणाच्या खिडकीवर. लिहिण्याची सुरुवात मात्र त्याआधीची, वाचनातून. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. वडिलांच्या नावावर तिथलं एक पुस्तक यायचं आणि गल्लीतल्या खासगी लायब्ररीतून दुसरं. फडके, खांडेकर वडिलांचे. कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे आईच्या. खाकी कव्हर घातलेल्या त्या पुस्तकांच्या समासात आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने शेरे मारलेले असत. ‘हा मुलगा बरा नाही’, ‘पान १४० वर रडू येईल’. ताई म्हणतात की कादंबरी कशी लिहायची ते त्या गोष्टींपेक्षा या शेऱ्यांनी जास्त शिकवलं. कुठल्या पानावर माणूस पेन्सिल उचलतो, ते बघायचं. पुढे एक-दोन कथा दिवाळी अंकांत आल्या, बऱ्याच साभार परत आल्या, मग संसार, मग निवृत्ती, मग भाचीने मोबाइलवर ॲप टाकून दिलं. हा सगळा भाग त्यांनी मला भाजी निवडता निवडता उरकून टाकला. त्यांना त्यात रस नव्हता. त्यांना एकेचाळिसाव्या भागाची काळजी होती.

प्रेमकथा लिहिणाऱ्याला प्रेमाच्या वर्णनाचे कष्ट पडत असतील, असा माझा समज होता. तसं काही नसतं. दोघांनी कुठे भेटायचं, हा खरा प्रश्न असतो. आपल्याकडे दोन माणसांना दहा मिनिटं निवांत बोलता येईल अशी जागाच नाही. घरात माणसं, जिन्यावर शेजारी, देवळात ओळखीच्या बायका, नाक्यावर भावाचे मित्र. मुंबईत निदान गर्दी तरी अनोळखी असते आणि समुद्राकडे तोंड करून बसलं की पाठच दिसते. तालुक्याच्या गावात पाठीवरूनही ओळखतात.

ना. सी. फडक्यांवर नेहमीचा आक्षेप असा की त्यांची माणसं खाऊनपिऊन सुखी, मोटारीतून हिंडणारी, थंड हवेच्या ठिकाणी जाणारी. आक्षेप खोटा नाही. पण ताईंच्या स्वयंपाकघरात बसल्यावर मला त्याची दुसरी बाजू दिसली. मोटार म्हणजे दार लावून घेता येईल अशी चार चाकांवरची खोली. फडके कारागीर माणूस. १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून लेखनाचं तंत्र समजावून सांगणारा. श्रीमंती त्यांना आवडत असेलच, पण तिने त्यांचा जागेचा प्रश्नही सोडवला होता. सुहास शिरवळकरांनी १९८२ च्या ‘दुनियादारी’त तो कॉलेजच्या कट्ट्यावर सोडवला. कट्टा तरुणांचा. ताईंचा नायक बेचाळीस वर्षांचा विधुर आहे, भूमी अभिलेख कार्यालयात भूमापक. नायिका अडतीस वर्षांची, लग्न न झालेली, गावातल्या वाचनालयात सहायक. यांना कसला कट्टा?

म्हणून वेळापत्रकं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तर ताईंना तोंडपाठ आहे. पावसात दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी करतात, प्रवास लांबतो, आणि दिव्याहून निघालेल्या पॅसेंजरमध्ये समोरासमोर बसलेल्या दोघांना जास्तीचा वेळ मिळतो. ‘हे प्रेमकथेला सरकारी अनुदान समज,’ ताई म्हणाल्या. त्यांच्या आधीच्या कादंबरीतला कबुलीचा प्रसंग एका क्रॉसिंगला थांबलेल्या गाडीत घडतो. पलीकडची गाडी येत नाही, आणि ती येत नाही तोवर त्याला बोलायला कारण नाही आणि गप्प बसायलाही कारण नाही. मला तो प्रसंग वाचताना खिडकीवरून ओघळणाऱ्या पावसाचा जरा कंटाळा आला. पण गाडी थांबलेली असण्याची युक्ती पक्की आहे.

दुसरी अडचण मोबाइलची. ‘मोबाइलने आमच्या पोटावर पाय दिला,’ असं ताई म्हणतात आणि त्याच मोबाइलवर लिहितात. पूर्वी एक पत्र चुकीच्या हातात पडलं की शंभर पानं निघत. तार उशिरा आली, निरोप देणारा मुलगा विसरला, नायक परगावी गेला. आता रुसवा असो की गैरसमज, एका मेसेजने मिटतो. दोन निळ्या खुणा दिसल्या की वाचक विचारणार, ‘बघितलंय तर उत्तर का देत नाही?’ घाटात रेंज जाते हा एक उपाय उरला. तो खराही आहे. पण ताईंचा नियम कडक आहे: एका कादंबरीत रेंज एकदाच. वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवलाय आणि या कादंबरीत नवव्या भागातच तो वापरून झाला, म्हणून शेजारी बरोबरची खूण आहे.

लिहिण्याची वेळ दुपारची, जेवणं आवरल्यावर. आधी वहीत कच्चं. मग वही समोर धरून मोबाइलला बोलून सांगायचं; तो ऐकून टाइप करतो. इंग्रजी प्रेमकथा लिहिणारी बार्बरा कार्टलंड सोफ्यावर पडून सेक्रेटरीला मजकूर सांगत असे आणि तशी तिची सातशेहून जास्त पुस्तकं झाली. ताईंकडे सोफा आहे, सेक्रेटरी नाही, आणि पलीकडच्या खोलीत ऐंशी पार केलेल्या सासूबाई आहेत. हळू बोललं तर मोबाइलला कळत नाही. मोठ्याने बोललं तर सासूबाईंना कळतं. मी ऐकत होते तेव्हा ताईंनी ‘त्याच्या बोटांचा तिच्या मनगटाला स्पर्श झाला’ हे वाक्य दबक्या आवाजात सांगितलं आणि पडद्यावर आलं, ‘त्याच्या पोटाचा तिच्या मन घटाला’. पुन्हा जरा चढ्या आवाजात. आतून विचारणा झाली, ‘कोणाचं मनगट गं?’

त्यांच्या प्रेमप्रसंगांतला संयम वाचक संस्कारांच्या खात्यावर जमा करतात. मला वाटतं, त्यातला बराचसा सासूबाईंच्या खात्यावर जायला हवा. पण ताई या बाबतीत भाबड्या नाहीत. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या खटल्यात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, हे त्यांना वडिलांमुळे ठाऊक आहे. १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष सुटले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेला ‘दो रास्ते’ आला आणि तो सहकुटुंब बघायला त्याच वडिलांनी घरच्यांना नेलं. किती दाखवायचं हे काळ ठरवतो, असं ताईंचं मत. आपण मात्र मनगटाशी थांबायचं, कारण मनगटाच्या पुढे सगळ्यांचं सारखंच असतं. मनगटापर्यंत पोचायला कोणाला किती भाग लागतात, त्यात माणूस कळतो.

एकेचाळिसाव्या भागात दोघांना पुन्हा भेटवायचं होतं. चाळिसाव्याच्या शेवटी ती त्याच्या कार्यालयावरून जाते आणि आत पाहत नाही, वाचक अस्वस्थ. ताईंनी पहिल्या कच्च्या लिखाणात त्यांना गोवळकोटला नेलं. खाली वाशिष्ठीचं वळण, वर तटबंदी, वारा. मला आवडलं. ताईंनी वाचून दाखवता दाखवताच त्यावर रेघ मारली.

‘छान होतं की, ताई.’

‘अगं, ही बाई भर दुपारी गडावर जाईलच कशाला? तिला वाचनालयात पुस्तकं लावायची असतात. आणि गेलीच, तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. जिथे जायला कारण लागत नाही, अशी जागा पाहिजे.’

मग बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. भांडी लावली, सासूबाईंना चहा दिला. चौकशीच्या खिडकीवर असताना जी माणसं उगीच येत, त्यांची त्यांना आठवण झाली असावी, कारण परत आल्या त्या रांगेबद्दल बोलत. रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे कोणी संशयाने बघत नाही. रांगेत पुढचा-मागचा बोलला तर ते बोलणं नसतंच, वेळ काढणं असतं. रेशनची रांग झाली असती, पण तिथे दोघांचंही काम नाही. दवाखान्यात आजार आणावा लागेल. मग बँक. बँकेत काउंटर नको, तिथे ओळखीचा कारकून असतो. पासबुक छापायचं मशीन.

मशीनची निवड ऐकून मी हसले. लिहून झाल्यावर नाही हसले. बँकेबाहेरच्या त्या काचेच्या खोलीत दोघंच मागेपुढे उभी. तिचं पासबुक मशीन परत परत बाहेर टाकतं, बारकोड वाचला जात नाही. तो म्हणतो, उलटं धरून बघा. मशीन घेतं. आत खरखर सुरू होते. कित्येक महिने पासबुक भरलेलं नाही, पानांमागून पानं छापायची आहेत. मशीन ‘पान उलटा’ म्हणेल तेव्हा पान उलटायचं आणि तोवर उभं राहायचं. या वेळात ती त्याला विचारते की त्याची मुलगी अकरावीला काय घेणार आहे. तो वाचनालयात एक जुनं पुस्तक आहे का विचारतो. इतकंच. उजव्या पानावर चार ओळी, लाल शाईत पाऊण पान.

आणि पान उलटताना त्याला तिच्या पासबुकात दर महिन्याच्या पाच तारखेला तीच एक मोठी रक्कम वजा झालेली दिसते.

रक्कम कशाची, हे ताईंना पहिल्यापासून माहीत होतं. नायिकेच्या पगारातून पुण्यातल्या धाकट्या भावाच्या फ्लॅटचा हप्ता जातो. तिच्या लग्नाला घरात कोणाचा विरोध नाही. विषयच कोणी काढत नाही. जात, पत्रिका, हट्टी बाप हे अडथळे ताईंनी आधीच्या कादंबऱ्यांत वापरून झिजवले होते. हा नवा होता आणि मला विचाराल तर जास्त खरा. घरातल्या कमावत्या मुलीला कोणी अडवत नाही, फक्त तिच्यावाचून महिना भागणार नाही अशी व्यवस्था करून ठेवतात. पासबुकामुळे नायकाला हे कळेल, तो पुढे होईल आणि पन्नासाव्या भागापर्यंत गोष्ट मार्गी लागेल, असा बेत होता.

ताईंनी मला माझं पासबुक काढायला सांगितलं. माझ्याही पिशवीत होतं, कर्जाचा हप्ताही जातो. आम्ही दोघींनी चष्मा लावून ती ओळ पाहिली. तारीख, दोन-तीन आद्याक्षरं, एक लांबलचक आकडा, रक्कम. भावाचं नाव नाही, फ्लॅट नाही, पुणं नाही.

‘मग त्याला कळणार कसं?’ मी म्हटलं.

ताई पासबुकाकडे बघत राहिल्या. नायक भूमापक आहे हे त्या विसरल्या नव्हत्या. मी विसरले होते. गावातली कुठली मिळकत कोणाच्या नावावर, हे त्याला घरबसल्या माहीत. ही बाई भाड्याच्या दोन खोल्यांत राहते हेही माहीत. आणि पगाराच्या निम्मी रक्कम महिन्याच्या महिन्याला हप्त्यात जाते, म्हणजे त्याच्या हिशेबाने तिने कुठेतरी स्वतःसाठी घर घेतलंय. एकटीने. कोणाला न सांगता. म्हणजे तिचं ठरलेलं आहे.

‘तो मागे सरेल,’ ताई म्हणाल्या. ‘चांगला माणूस आहे. चांगली माणसंच मागे सरतात.’

‘पण फोन करून विचारेल ना? तुमच्या मोबाइलची अडचण आलीच.’

‘काय विचारेल? तुमच्या पासबुकात डोकावलो होतो, म्हणून?’

त्यांनी वही ओढली, डावं पान कोरं सोडलं आणि लाल पेन उघडलं. हा गैरसमज किती भाग चालेल, मी विचारलं.

‘बारा तरी,’ त्या म्हणाल्या, ‘मध्ये गणपती येतात म्हणून चौदा,’ आणि सासूबाईंना हाक मारून विचारलं की गौरी यंदा कोणत्या वारी बसतात.