शून्य आणि अभाव : संगणकीय भाषेतील एक विवेक

ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील इ. स. 876 च्या शिलालेखात 270 आणि 50 या संख्या शून्यासह कोरलेल्या आहेत. तेथील शून्य अज्ञान दर्शवीत नाही. एकंस्थानी काही नाही, हे ते निश्चयाने सांगते. ‘काही नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ यांतील हा भेद संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याने प्रथम ध्यानी घ्यावा.

शाळेतीलच उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्यास दोन चाचण्यांत 40 व 60 गुण मिळाले. तिसऱ्या चाचणीस तो आजारपणामुळे अनुपस्थित होता. त्या रकान्यात 0 लिहिल्यास सरासरी 33.33 येते. रकाना ‘नल’, म्हणजे मूल्यरहित, ठेवल्यास एसक्यूएल ही भाषा तो वगळून 50 ही सरासरी देते. उत्तीर्णतेची मर्यादा 35 असेल, तर एका चिन्हाने मुलाचे वर्ष पणास लागते. यांतील कोणता हिशेब न्याय्य, हे शिक्षकाने ठरवावयाचे, यंत्राने नव्हे.

नलची तुलनाही निराळी आहे. ‘गुण = नल’ असे विचारल्यास उत्तर ‘होय’ वा ‘नाही’ न येता ‘अज्ञात’ येते, आणि एकही नोंद हाती लागत नाही. त्यासाठी ‘इज नल’ हाच प्रयोग करावा लागतो.

नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार मानले. त्यांपैकी प्रागभाव म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा अभाव, तर प्रध्वंसाभाव म्हणजे ती नष्ट झाल्यानंतरचा. मूल्य न दिलेले चल स्थूलमानाने पहिल्या प्रकारात मोडते. पायथन भाषेत असे नाव वापरताच आज्ञावली त्रुटी दाखवून थांबते. ‘नन’ मात्र हेतुपूर्वक नोंदलेला अभाव असल्याने तो वाचता येतो. सी भाषेत मूल्य न दिलेल्या स्थानिक चलात काय असेल याची शाश्वती नसते; बहुधा स्मृतीत पूर्वी उरलेलेच काही हाती येते. थांबणाऱ्या यंत्रापेक्षा खोटे उत्तर मुकाट्याने देणारे यंत्र अधिक घातक होय.

टोनी होअर यांनी 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत नल संदर्भाची सोय केली. 2009 मध्ये त्यांनीच तिला आपली शंभर कोटी डॉलरची चूक म्हटले. म्हणूनच रस्टसारख्या नव्या भाषा ‘मूल्य असेल किंवा नसेल’ हे आधीच घोषित करावयास लावतात आणि दोन्ही शक्यतांचा विचार झाल्यावाचून पुढे जाऊ देत नाहीत.

सारांश, चलास आरंभीच मूल्य द्यावे, अभावाची स्वतंत्र नोंद ठेवावी आणि अज्ञानाच्या जागी शून्य कधीही लिहू नये.