चार देश, चार क्लब आणि एक चेंडू

लखनौच्या आलमबाग भागात संध्याकाळी फेरफटका मारला, तर रेल्वे वसाहतीतल्या मोकळ्या जागांवर मुलांचे क्रिकेट रंगात आलेले दिसते. विटांचे स्टंप, रबरी चेंडू आणि प्रत्येक चेंडूवर भांडण. एखाद्या गल्लीचा संघ आपल्या भागात अजिंक्य ठरला की, पुढचे आव्हान ठरलेलेच असते : पलीकडच्या मोहल्ल्याच्या विजेत्याला हरवून दाखवा, मग बोला!

आलमबागेपासून हजारो मैलांवर, कॅरिबियन समुद्राच्या परिसरातील देशांमध्ये १९४८ साली काही मोठी माणसे याच आव्हानावर गंभीरपणे विचार करत होती. खेळ मात्र क्रिकेट नव्हता, बेसबॉल होता. क्युबा, पोर्तो रिको, पनामा आणि व्हेनेझुएला या चारही ठिकाणी हिवाळ्यात क्लबांच्या साखळी स्पर्धा होत. प्रत्येकाचा विजेता आपल्या घरी राजा. पण या चार राजांतला थोर कोण? व्हेनेझुएलाचे पाब्लो मोरालेस आणि ऑस्कर प्रिएतो यांनी सुचवले की, चारही विजेत्यांना दरवर्षी फेब्रुवारीत एकत्र आणावे. ऑगस्ट १९४८ मध्ये मायामीत बैठक झाली आणि ‘सेरिए देल कारिबे’, म्हणजे कॅरिबियन मालिका, जन्माला आली.

फेब्रुवारीच का? अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम एप्रिलपासून शरद ऋतूपर्यंत चालतो. उरलेले महिने खेळाडूंना रिकामे. त्या काळी बहुतेकांचे पगार असे नव्हते की, घरी बसून हिवाळा काढावा. म्हणून ते उबदार कॅरिबियन देशांत खेळायला जात. तिथल्या साखळी स्पर्धा संपता संपता फेब्रुवारी उजाडे, आणि अमेरिकेतला सराव सुरू होण्यापूर्वी नेमके काही दिवस हाताशी उरत.

बिअर, कोला आणि रम

पहिली मालिका २० ते २५ फेब्रुवारी १९४९ या सहा दिवसांत क्युबाची राजधानी हवाना येथे झाली. प्रत्येक संघ इतर तिघांशी दोनदा खेळणार, म्हणजे एकूण १२ सामने. संघांची नावे ऐकण्यासारखी आहेत. व्हेनेझुएलाचा संघ होता ‘सेर्वेसेरिया काराकास’, म्हणजे सरळ काराकासची बिअर भट्टी! पनामाचा संघ ‘स्पर कोला’ नावाच्या सरबताच्या जाहिरातीचा. पुढच्याच वर्षी सॅन वान येथे पोर्तो रिकोच्या कागुआस संघाला जादा सामन्यात हरवून पनामाच्या ज्या संघाने विजेतेपद पटकावले, तो ‘कार्ता विएहा’ तर रमच्या नावाचा. खेळाडूंच्या सदऱ्यांवरच्या जाहिराती पाहून नाके मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, हा आजार आजचा नाही.

हवानातील यजमान संघ अल्मेन्दारेसचा होता. निळा अल्मेन्दारेस आणि लाल हवाना ही क्युबातील जुनी, कडवी जोडी. घरेच्या घरे निळी किंवा लाल असत आणि कधी एकाच घरात दोन्ही रंग नांदत. त्या घरातल्या रात्रीच्या जेवणाची कल्पना वाचकांनीच करावी. पण फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात निळा संघ साऱ्या क्युबाचा झाला. त्याने सहाच्या सहा सामने जिंकले. त्यांतले तीन एकट्या आगापितो मायोर या चेंडूफेक्याने जिंकून दिले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला.

एकाच संघात काळा आणि गोरा

या विजयी संघात आणखी एक गोष्ट होती, आणि ती धावफलकावर दिसणारी नव्हती. अमेरिकेत काळ्या खेळाडूंना प्रमुख साखळीची दारे कित्येक दशके बंद होती. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ती उघडली, पण ती किलकिलीच उघडली होती. हवानात मात्र माँटी आयर्विन आणि सॅम जेथ्रो हे अमेरिकेचे दोन काळे खेळाडू, अल जिऑनफ्रिडो हा त्यांचाच गोरा देशबांधव आणि क्युबाचे खेळाडू एकाच निळ्या पोशाखात खेळले. आयर्विनला त्यानंतर पाच महिन्यांनी अमेरिकेच्या प्रमुख साखळीत पाऊल टाकता आले, तर जेथ्रोला १९५० साल उजाडावे लागले. तेव्हा जेथ्रो तिशी ओलांडून गेला होता. या देशांतही वर्णभेद नव्हता असे नाही, पण मैदानावर त्यांनी श्रीमंत शेजाऱ्याच्या कितीतरी आधी शहाणपण दाखवले होते.

१९५२ ची मालिका पनामात झाली. २१ फेब्रुवारीला हवाना संघाचा टॉमी फाइन काराकासच्या बिअर भट्टीविरुद्ध चेंडू फेकायला उभा राहिला. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता थेट फलंदाजाकडे येतो आणि नऊ डावांत प्रत्येक संघाचे २७ गडी बाद करावे लागतात. त्या दिवशी काराकासच्या एकाही फलंदाजाला फाइनने एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. सामना हवानाने १-० असा जिंकला. योगायोग असा की, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लखनौच्या विद्यापीठ मैदानावर पाकिस्तानच्या फझल महमूदने तागाच्या मॅटिंगवर १२ बळी घेऊन भारताला डावाने हरवले. चेंडूफेक्यांचे वर्ष म्हणायचे!

लोकांच्या स्मरणात अधिक राहिली ती १९५५ ची काराकासमधील मालिका. पोर्तो रिकोच्या सान्तुर्से संघात विली मेज होता. अमेरिकेतील त्या वेळचा तो सर्वांत गाजलेला तरुण खेळाडू. त्याच्याबरोबर वीस वर्षांचा, अजून अमेरिकेच्या प्रमुख साखळीत न खेळलेला स्थानिक मुलगा होता, रोबेर्तो क्लेमेन्ते. मेजने बारा वेळा बॅट चालवली, पण फटका एकदाही लागला नाही. प्रेक्षक हसू लागले तर नवल नाही. मग व्हेनेझुएलाच्या मागायानेसविरुद्ध सामना २-२ असा बरोबरीत अडकून अकराव्या डावात गेला. क्लेमेन्ते पहिल्या ठाण्यावर उभा होता. मेजने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला, दोघे धावत घरी आले आणि सामना संपला. मालिकाही सान्तुर्सेनेच जिंकली. याच क्लेमेन्तेला पुढे ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान अपघातात मृत्यू आला.

रिकामे राहिलेले हवाना

१९५६ पासून सलग पाच वर्षे क्युबाचेच क्लब जिंकले. बारा मालिकांत क्युबाची सात विजेतेपदे, पोर्तो रिकोची चार, पनामाचे एक. ज्या देशातून ही कल्पना आली त्या व्हेनेझुएलाच्या वाट्याला शून्य.

१९५९ च्या जानेवारीत क्युबात क्रांती झाली. त्यानंतरही दोनदा क्युबाचे विजेते बाहेर जाऊन जिंकून आले. १९६१ ची मालिका हवानाला व्हायची होती. पण नव्या सरकारने व्यावसायिक खेळच बंद केला. निळा, लाल, सारे क्लब मोडीत निघाले. अमेरिकेतील संघांशी करार असलेल्या क्युबन खेळाडूंपुढे घर किंवा खेळ असा प्रश्न आला. मारियानाओला १९५७ आणि १९५८ ची विजेतेपदे मिळवून देणाऱ्यांतला मिन्यी मिन्योसो देश सोडून गेला तो कायमचा. मालिका थांबली. सत्ता कोणाची हा प्रश्न वेगळा, पण निळ्या-लाल घरांना हे दुःख कोणी विचारून दिले नव्हते.

आपल्याकडेही हे थोडेफार घडून गेले आहे. देशोदेशींच्या विजेत्या क्लबांची ट्वेंटी-२० क्रिकेटची चॅम्पियन्स लीग डिसेंबर २००८ मध्ये भारतात सुरू व्हायची होती. मुंबईवरील हल्ल्यामुळे ती रद्द झाली. २००९ मध्ये सुरू झाली तेव्हा हैदराबादच्या अंतिम सामन्यात न्यू साउथ वेल्सशी गाठ पडली ती त्रिनिदादची, म्हणजे पुन्हा कॅरिबियनच. २०११ आणि २०१३ मध्ये मुंबई इंडियन्सने ती जिंकली, आणि पुरेसे प्रेक्षक मिळत नाहीत म्हणून २०१५ मध्ये ती बंद झाली. तिच्यासाठी कोणी डोळे पुसल्याचे ऐकिवात नाही. कारण उघड आहे : तिथे क्लब होते, पण घरात वाढलेले निळे आणि लाल नव्हते.

कॅरिबियन मालिका मात्र १९७० मध्ये पुन्हा उभी राहिली. क्युबा आणि पनामा नव्हते, डॉमिनिकन प्रजासत्ताक नव्याने आले होते. यजमान काराकास. आणि विजेता? मागायानेस. व्हेनेझुएलाचे पहिले विजेतेपद! पुढच्या वर्षी मेक्सिकोही आला. क्युबा परतला तो थेट २०१४ साली आणि २०१५ मध्ये त्याच्या पिनार देल रिओ संघाने सॅन वानला चषक जिंकला. २०१९ मध्ये पनामाला बोलावणे आले. त्याच्या एर्रेरा संघाने अंतिम सामन्यात क्युबालाच हरवले. मधली ६९ वर्षे पनामाच्या रकान्यात १९५० हा एकच आकडा होता.

टॉमी फाइनचा विक्रम त्याहूनही जुना ठरला. २०२४ च्या फेब्रुवारीत मालिका मायामीत भरली होती, म्हणजे जिथे १९४८ ची बैठक झाली त्याच शहरात. तिथे निकाराग्वाच्या संघाला एकही यशस्वी फटका मारता आला नाही. ७२ वर्षांनी हे पुन्हा घडवणारा चेंडूफेक्या होता आन्हेल पाद्रोन, आणि तो व्हेनेझुएलाच्या ला ग्वाइरा संघाचा होता.