पाचवे शील आणि पोटातले बाळ

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर प. पू. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पाचवे शीलही तेच सांगते. त्यामागे न जन्मलेल्या जिवाचे हितही आहे.

गरोदरपणी घेतलेली दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते व मेंदूची वाढ बिघडवते. या विकाराला १९७३ साली अमेरिकेतील डॉ. जोन्स व डॉ. स्मिथ यांनी ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिले. आखूड डोळे, नाकाखालची पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ, वजन-उंची कमी, डोके लहान आणि अभ्यासात लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. मात्र नुसत्या चेहऱ्यावरून निदान होत नाही आणि रक्त तपासूनही ते ठरत नाही. डॉक्टर मोजमापे घेतात, इतर आजार वगळतात व आईला विचारतात. आईला दोष दिला तर ती गप्प राहते आणि मूल ‘मठ्ठ’ म्हणून मार खाते.

विकार बरा होत नाही. पण लवकर ओळखल्यास शिकवण्याची रीत बदलून मूल सावरते. म्हणून उंद्रीतील पालकांनी अंगणवाडीत व शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला शंका मोकळेपणाने सांगावी. घरातील पुरुषांनी आधी स्वतः दारू सोडावी.

जय भीम! नमो बुद्धाय!