मनी आणि मनीप्लँट

नवी मुंबईत वाशी-नेरूळला लेकीच्या घरी गेलात, तर गॅलरीतल्या कुंड्या मांजराने उकरलेल्या दिसतील. त्याचा दोष नाही. गावी त्याला राखाडी नि अंगण असते. इमारतीत भुसभुशीत माती फक्त कुंडीतच. तेव्हा कोपऱ्यात वाळूचे घमेले ठेवा, ते रोज साफ करा. कुंडीतल्या मातीवर गोटे किंवा नारळाच्या शेंड्या पसरा. पाने कुरतडत असेल, तर त्याच्यासाठी वेगळे गहू पेरा. फिनेल, डांबरगोळ्या मात्र टाकू नका. मांजराला त्या विषासमान. मनीप्लँट चावल्यास तोंडाची आग होते. लिलियम जातीच्या लिलीचे परागही मूत्रपिंडे निकामी करतात, जीव जातो. ते झाड घरात नकोच, हे लेकीला आजच कळवा.