शाळेतलं कृपाण आणि न वाचलेला निकाल

‘कॅनडात शीख मुलं शाळेत खुशाल शस्त्र नेतात, कोर्टानंच परवानगी दिलीय. धर्माचं नाव काढलं की तिथले न्यायाधीश गप्प!’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त विचारतो, निकाल वाचलात का? उत्तर ठरलेलं असतं: ‘व्हॉट्सॲपवर आलं होतं.’

तर घडलं असं. नोव्हेंबर २००१ मध्ये माँट्रियलमधल्या एका शाळेच्या आवारात बारा वर्षांच्या शीख मुलाचं कृपाण कपड्यांतून खाली पडलं. कुणाला ओरखडाही आला नाही. शाळा मंडळानं आधी सामोपचाराचा तोडगा काढला: कृपाण कपड्यांच्या आत पक्कं बंद करून ठेवायचं. घरच्यांनी तो मानलाही. पण शाळेच्या नियामक समितीनं तो फेटाळला आणि मंडळाच्या वरिष्ठांनी गळ्यातल्या लॉकेटचा पर्याय सुचवला. मुलाची श्रद्धा मात्र धातूच्याच कृपाणावर होती. प्रकरण कोर्टात गेलं. खालच्या कोर्टात मुलगा जिंकला, अपिलात हरला आणि २ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयात पुन्हा जिंकला. हाच तो मुलतानी खटला.

जिंकला म्हणजे काय मिळालं? खालच्या कोर्टानं घातलेल्या अटी पाहा. कृपाण कपड्यांच्या आतच हवं. म्यान लाकडी हवं, धातूचं नको. म्यानासकट ते जाड कापडात शिवून टाकायचं आणि ते कापड खांद्यावरच्या पट्ट्याला शिवायचं. शाळेचे कर्मचारी वाजवी रीतीनं तपासणी करणार. हरवलं तर लगेच कळवायचं. एवढ्याला ‘खुशाल’ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे!

न्यायालयानं धोक्याचा हिशेबही रोखठोक मांडला. हे कृपाण हिसकवायचं तर आधी मुलाला धरून ठेवा, कपडे चाचपा, म्यान पट्ट्यापासून सोडवा, मग शिवण उसवा. इतक्या उपद्व्यापापेक्षा बाहेरून चाकू आणणं सोपं. शाळेत कात्र्या असतात, बेसबॉलच्या बॅटी असतात. मुलाच्या वागणुकीबद्दल तक्रार नव्हती आणि कॅनडातल्या शाळांत कृपाणानं हिंसा झाल्याचा एकही दाखला कोर्टासमोर आला नाही. इजा होईपर्यंत शाळेनं वाट पाहावी, असं मात्र न्यायालयानं म्हटलेलं नाही. धोका खरा असल्याचा आधार दाखवा, नुसती भीती पुरणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

‘मग आता सगळीकडेच चालतं!’ नाही हो. कॅनडातल्याच मॅनिटोबात १९८५ मध्ये एका आरोपीला कोर्टाच्या दालनात कृपाण नाकारलं गेलं आणि ते योग्य ठरलं. १९९९ मध्ये मानवाधिकार न्यायाधिकरणानं विमान कंपनीची मनाई उचलून धरली. विमानात अनोळखी माणसं तात्पुरती एकत्र येतात, शाळेत मुलं-शिक्षक वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखतात, हा फरक मुलतानी निकालातही नोंदलेला आहे.

कॅनडाबाहेरच्या निकालांबद्दलही असंच ऐकू येतं. ‘फ्रान्सची बुरखाबंदी सुरक्षेच्या कारणावर टिकली.’ उलट २०१४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं सरसकट बंदीसाठी ते कारण अपुरं ठरवलं. बंदी टिकली ती ‘एकत्र जगण्या’च्या मुद्द्यावर, माझ्या मते तो मुद्दा फारच सैल आहे.

‘अडवणूक अल्पसंख्याकांचीच होते.’ तसंही नाही. ब्रिटनमधल्या एका ख्रिस्ती परिचारिकेला वॉर्डात गळ्यात क्रूस घालू दिला नाही. रुग्णाच्या ओढण्यानं इजा होऊ शकते, हे कारण युरोपीय न्यायालयानं २०१३ मध्ये मान्य केलं.

आणि ‘आपल्याकडे असले लाड नाहीत’ म्हणणाऱ्यांनी राज्यघटनेचं कलम २५ उघडावं. कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग, असं पहिल्याच स्पष्टीकरणात आहे. देशांतर्गत विमानातही शीख प्रवाशाला ते नेता येतं. पातं सहा इंचांपर्यंत आणि एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ पगडीधारी शिखांना हेल्मेटमधून सूट देतं.