खिशांत मावणारी दौत

फाउंटन पेनास कोणी 'झरणी' असें गोड नांव दिलें आहे. नांव छान खरें, पण तें त्या वस्तूची अर्धीच हकीकत सांगतें. शाई झरावयाची तर ती आधीं आंत भरली पाहिजे. आणि झरण्याचें कोडें सुटल्यावरहि हें भरण्याचें कोडें पेन करणारांस पुढें जवळजवळ पन्नास वर्षें पुरलें. पेन चांगलें लांबरुंद असलें तर त्याचें एवढें कांहीं वाटत नाहीं. पण बंडीच्या खिशांत किंवा लहानशा बटव्यांत मावेल असें आंखूड पेन करावयाचें, त्यानें आपली शाई आपण ओढून घ्यावयाची, आणि शिवाय ती दिवसभर पुरवावयाची, असें म्हटलें म्हणजे खरी पंचाईत सुरू होते. शाई ओढणारें यंत्र पेनाच्या पोटांतच बसवावें लागतें, आणि तें जेवढी जागा खातें तेवढी शाई कमी मावते. लहान पेनाचा सारा इतिहास म्हणजे ह्या दोनतीन बोटें जागेवरून चाललेलें भांडण आहे, आणि तें आम्हांस मोठें मनोरंजक वाटतें.

झरण्याचें कोडें ज्यानें समाधानकारक सोडविलें तो न्यूयॉर्कचा ल्यूइस एडसन वॉटरमन. १८८४ सालीं त्याला आपल्या पेनाचें पेटंट मिळालें. निबेखालीं जी जीभ असते तिच्यांत त्यानें अगदीं अरुंद चिरा पाडल्या. त्यांतून शाई केशाकर्षणानें खालीं उतरते आणि तिची जागा घेण्यापुरती हवा वर जाते. त्यामुळें धार बेताची राहते. भरण्याची रीत मात्र जुनीच राहिली. मान फिरवून काढावयाची, कांचेच्या ड्रॉपरनें दौतींतली शाई थेंब थेंब नळींत सोडावयाची, मान पुन्हा आट्यांवर बसवावयाची आणि मग बोटें पुसावयाचीं. आमच्या वडील वाचकांस हा सोहळा सांगावयास नकोच; शाळेच्या वेळीं घाईनें तो उरकणाऱ्या मुलानें सदऱ्यावर काय काय नकाशे काढले असतील तेंहि त्यांना आठवत असेल. ह्या पेनाचा एक गुण असा कीं, त्याच्या पोटांत यंत्र म्हणून कांहींच नसतें. सारी नळी शाईचीच. दोषहि त्यांतूनच निघतो. नळी अर्धी रिकामी झाली कीं हाताच्या उबेनें आंतली हवा फुगते आणि शाईचा टपोरा थेंब नको तेथें पडतो.

ड्रॉपर हद्दपार करण्याचा पहिला यशस्वी खटाटोप अमेरिकेंत झाला. पेनांत रबराची लांबट पिशवी घालावयाची, ती दाबून हवा काढावयाची, नीब दौतींत बुडवून दाब सोडावयाचा. पिशवी फुगतां फुगतां शाई ओढून घेते. तत्त्व इतकें साधें आहे. वाद होता तो पिशवी बाहेरून दाबावी कशी याचा. विसाव्या शतकाच्या आरंभीं ओहायो संस्थानांतील टोलिडो येथल्या कॉंक्लिन कंपनीनें नळीवर धातूची एक अर्धचंद्राकृति कमान काढली. ती दाबली कीं आंतली पिशवी दबे. ही कमान म्हणजे पेनाच्या पाठीवरचें आवाळूच. पण तिच्यामुळें पेन टेबलावरून गडगडत खालीं जात नसे, आणि ह्याच गुणासाठीं मार्क ट्वेनसारख्या लेखकानें तिची वाखाणणी केली. पुढें आयोवांतील फोर्ट मॅडिसन गांवचा जवाहिऱ्या वॉल्टर शेफर यानें १९०८ सालीं तरफेचें पेटंट मिळविलें. नळीच्या अंगांतच बसणारी ही नाजूक पट्टी नखानें उचलली कीं आंतला धातूचा दांडा पिशवीवर चेपला जातो, आणि काम झालें कीं पट्टी पुन्हा अंगासरशी बसते. जेन्सव्हिलच्या पार्कर कंपनीनें तरफेऐवजीं शेपटाशीं एक बोंडी दिली आणि तिच्यावर लहानसें झांकण बसविलें. १९२१ सालीं निघालेलें तिचें लालभडक ड्युओफोल्ड ह्याच जातीचें. त्याची किंमत सात डॉलर होती, आणि इतकें महाग पेन घेणार कोण, ही शंका लोकांनीं तें घेऊन दूर केली.

ह्या पिशवीच्या पेनास आंखूड करूं गेलें म्हणजे काय होतें, तें थोड्या आंकडेमोडीनें चांगलें कळेल. हिशोबाचा कंटाळा असणारांनीं हा परिच्छेद ओलांडून जावें. पण सबंध गोष्टीचा गाभा येथेंच आहे. नळीचा आंतला व्यास ९ मिलिमीटर आणि शाईसाठीं लांबी ६० मिलिमीटर धरली, तर ड्रॉपरच्या पेनांत सुमारें ३.८ घनसेंटीमीटर शाई मावेल. आतां त्याच नळींत दांडा व त्याची हालचाल यांसाठीं दीड मिलिमीटर सोडला आणि पिशवीच्या रबराची जाडी प्रत्येक बाजूस पाऊण मिलिमीटर धरली, तर शाईला व्यास उरतो ६ चा. आणि पिशवीची लांबी ५० धरल्यास शाई होते १.४. म्हणजे यंत्रानें निम्म्याहून अधिक गिळली. हें सोसण्यासारखें आहे. पण आतां पेन सर्व अंगांनीं पाऊणपट करूं. दांडा पाऊणपट करतां येत नाहीं, केला तर वांकेल. रबर पातळ करतां येत नाहीं, केलें तर लौकर फाटेल. तेव्हां नळीचा व्यास पावणेसात झाला तरी कापणी तीन मिलिमीटरांची ती तीनच. शाईला व्यास राहतो पावणेचार, आणि शाई होते ०.४. पेन पाऊणपट झालें आणि शाई तीन दशांशांवर आली! शिवाय पिशवी कितीहि दाबली तरी ती पुरती रिकामी होत नाहीं, म्हणून हेंहि माप कधीं पुरतें भरत नाहीं.

आणि हीं सर्वांत लहान पेनें केलीं कोणासाठीं? कांहीं पुरुषांच्या बंडीच्या खिशासाठीं होतीं. परंतु बहुतेक कारखान्यांनीं धाकटा आकार काढला तो स्त्रियांच्या नांवानें. १९२० च्या आसपासच्या ह्या पेनांस खिशाला अडकवावयाची पट्टी नसे. टोपणाच्या डोक्यावर एक कडी असे, आणि तींतून फीत किंवा सांखळी ओंवून पेन गळ्यांत घालीत. सोन्याच्या मुलाम्याचीं, नक्षीचीं, दिसावयास मोठीं देखणीं. ड्युओफोल्डचीहि एक 'लेडी' होती. पुढें पार्करनेंच आपल्या धाकट्या पेनास 'डेब्युटांट', म्हणजे प्रथमच समाजांत मिरविण्यास निघालेली तरुणी, असें नांव दिलें. दागिना म्हणून हें सारें ठीक आहे. पण वरचा हिशोब ध्यानांत घेतला म्हणजे त्या नटव्या नळींत किती शाई मावत असेल तें वाचकांस दिसेलच. स्त्रियांनीं लिहावयाचें तें काय, धोब्याची यादी आणि आभाराच्या चार ओळी, असा कारखानदारांचा समज असावा. त्याच काळांत बायका महाविद्यालयांच्या परीक्षांना बसत होत्या, रुग्णालयांत रोग्यांची टिपणें लिहीत होत्या, कादंबऱ्या लिहीत होत्या. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेंत तिसऱ्या प्रश्नाशीं पेन कोरडें पडलें तर गळ्यांतल्या सोन्याच्या कडीचा काय उपयोग? आंखूड पेन मागणें आणि थोडें लिहिणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ध्यानांत यावयास ह्या धंद्याला फार वेळ लागला.

तोड एकच होती : पिशवी काढून टाकावयाची आणि नळीलाच दौत करावयाचें. लंडनच्या डे ला रू कंपनीच्या ओनोटो पेनांत १९०५ पासूनच ही युक्ति होती. शेपटाकडून दांडा बाहेर ओढावयाचा, नीब शाईंत बुडवून तो जोरानें आंत लोटावयाचा. दट्ट्यामागें पोकळी होते, आणि शेवटीं नळी जेथें किंचित् रुंद केलेली असते तेथें दट्ट्या आला कीं शाई एका झपाट्यांत आंत घुसते. फार सुरेख योजना! परंतु भरतांना पेन जवळजवळ दुपटीनें लांब होतें, आणि लांबच लांब दांडा मग कायमचा पोटांत राहतो. १९३३ च्या पार्कर व्हॅक्युमॅटिकनें दांड्याला फांटा दिला. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील आर्थर डालबर्ग ह्यांच्या कल्पनेवरून झालेल्या ह्या पेनांत शेपटाशीं रबराचा एक लहान पडदा असतो. बोंडी आठदहा वेळां दाबली कीं तो पडदा पंपासारखा हलतो, आणि दर दाबाला घोटघोट शाई नळींत चढते. यंत्र टोंकाशीं, शाई बाकी सर्वत्र. लहान पेनाला हें फार मानवलें. दोष एवढाच कीं, पडदा गेला तर तो बदलणें घरच्या माणसाचें काम नव्हे.

आमच्या मतें मात्र ह्या भांडणाचा खरा निकाल १९२९ सालीं जर्मनींत लागला. हॅनोव्हरचा ग्युंटर वागनर हा कारखाना तोंवर शाई आणि रंग यांसाठीं प्रसिद्ध होता. त्यानें त्या सालीं पेलिकन नांवाचें पेन काढलें. आंतली कल्पना थिओडोर कोव्हाच नांवाच्या एंजिनियराची होती. स्क्रूनें दट्ट्या पुढेंमागें करणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हती. पण साध्या स्क्रूनें दट्ट्या तीन सेंटिमीटर सरकवावयाचा तर बोंडीला किती तरी फेरे द्यावे लागतात, आणि त्यासाठीं शेपटाशीं लांब यंत्र बसवावें लागतें. कोव्हाचनें एकाच दांड्यावर दोन प्रकारचे आटे घातले, एक बारीक आणि एक रुंद. बोंडी फिरविली म्हणजे ती स्वतः किंचित्‌च वर उठते, आणि त्याच फेऱ्यांत दट्ट्या लांब पल्ला मारतो. थोड्या जागेंत मोठी हालचाल! वर धरलेल्या पाऊणपट पेनांत, ४५ मिलिमीटरांपैकीं २० यंत्राला दिले तरी उरलेल्या २५ मिलिमीटरांत ०.९ घनसेंटीमीटर शाई राहते. पिशवीच्या दुपटीहून अधिक. शिवाय नळीचा शाईचा भाग पारदर्शक ठेवला होता, त्यामुळें परीक्षेस निघण्यापूर्वीं पेन उजेडासमोर धरून शाई किती आहे तें पाहतां येई. ही सोय लहान वाटते, पण ज्याचें पेन कधीं दगा देऊन गेलें आहे त्याला तिचें मोल विचारावें. आरंभीं दट्ट्यास बुचाच्या लांकडाची चकती असे. पेन महिनोन्‌महिने कोरडें पडून राहिलें कीं ती आटे आणि गळती लागे. पुढें ती चकती बदलली.

ह्यापुढची युक्ति यंत्राची नव्हे, टोपणाची आहे. पेन खिशांत असतांना आंखूड हवें. हातांत असतांना तें आंखूड असून चालत नाहीं, कारण शेपूट अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत पोंचलें नाहीं तर बोटें लौकर शिणतात. म्हणून टोपण भलतें लांब करावयाचें आणि लिहितांना तें मागें लावावयाचें. हायडेलबर्गच्या कावेको कंपनीचें 'स्पोर्ट' हें ह्याचें नमुनेदार उदाहरण आहे. आज जें स्पोर्ट मिळतें तें बंद असतांना सुमारें साडेदहा सेंटिमीटर आणि टोपण मागें लावल्यावर सुमारें तेरा भरतें. टोपणास आठ पैलू असल्यामुळें तें गडगडतहि नाहीं. म्हणजे कॉंक्लिनच्या कमानीचें काम पैलूंनीं केलें! जुन्या स्पोर्टांत दट्ट्या होता. आजच्यांत शाईची तयार भरलेली प्लास्टिकची नळकांडी घालतात. आम्हांस हें थोडें हार खाल्ल्यासारखें वाटतें. नळकांडी सोयीची आहे, प्रवासांत दौत बरोबर नको. पण तिच्यांत सुमारें पाऊण घनसेंटीमीटर शाई, आणि संपली कीं नळकांडी केराच्या टोपलींत. ज्यांना आपल्या दौतीशीं संबंध ठेवावयाचा आहे त्यांच्यासाठीं तैवानच्या ट्विस्बी कंपनीनें आपल्या 'मिनी' पेनांत दट्ट्या कायम ठेवला आहे. नळी सबंध पारदर्शक, आणि टोपण मागें नीट बसतें. नव्वद वर्षांपूर्वींच्या दोन्ही युक्त्या तेथें एकत्र नांदतात.

आपल्याकडे ह्या सर्व खटपटीकडे कारखानदारांनीं बराच काळ पाठ फिरविली, आणि त्यांना दोष देतां येत नाहीं. गोदाकांठच्या राजमहेंद्रीस रत्नम् यांनीं १९३० नंतरच्या दशकांत स्वदेशी पेनें केलीं, आणि १९३५ सालीं गांधीजींनीं त्यांना पत्र लिहून पेनाची प्रशंसा केली. तीं एबोनाइटचीं व ड्रॉपरनें भरावयाचीं. आंत बिघडण्यासारखें कांहीं नाहीं, दुरुस्तीला मुंबईस धाडावें लागत नाहीं, आणि शाई पोटभर. रबराच्या पिशवीला आपला उन्हाळा मानवत नाहीं हेंहि कारण आहेच. शाईच्या बाजूनें मात्र मुंबई मागें नव्हती. दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं घोडा छाप शाईची भुकटी व वड्या यांनीं जो धंदा आरंभिला, त्यांतूनच उंट छाप शाई आणि कॅम्लिन हें नांव पुढें आलें. महाराष्ट्रांतल्या किती पिढ्यांच्या उत्तरपत्रिका त्या शाईनें लिहिल्या गेल्या असतील!

आतां एक उपयुक्त गोष्ट सांगावयाची राहिली. पुष्कळ घरांत आजोबांचें तरफेचें पेन कपाटांत पडलेलें असतें, आणि दिवाळीच्या साफसफाईंत तें एखाद्या नातवाच्या हातीं लागतें. त्यानें पहिल्या उत्साहांत तरफ उचलूं नये. आंतली पिशवी बहुधा दगडासारखी झालेली असते, आणि जोर केला तर तरफच मोडते. मान कोरड्या, बेताच्या उबेनें सैल करून हलक्या हातानें काढावी; जुनी पिशवी खरवडून टाकावी, आणि मान व जीभ थंड पाण्यानें धुवावी. कढत पाण्यानें एबोनाइटचा काळा रंग विटतो. नवी पिशवी नळीच्या मापानें कापून ती मानेच्या बुडख्यास लाखेनें चिकटवितात. येथें हटकून लाखच लागते, दुसरें कोणतेंहि जालीम चिकट द्रव्य चालत नाहीं. कारण लाख शाईला दाद देत नाहीं, पण पुढें कधीं पिशवी बदलावयाची झाली तर थोड्या उबेनें सुटते. आयोवांत बसलेल्या जवाहिऱ्याच्या पेनास छोटा नागपुरासारख्या जंगलांतल्या किड्याची ही मदत आहे. लाख एक रात्र वाळूं द्यावी, आणि दुसऱ्या दिवशीं नीब आधीं नुसत्या पाण्याच्या वाटींत बुडवून तरफ उचलून पाहावी. तरफ सोडल्यावर बुडबुडे येईनासे झाले कीं पेन दौतीकडे न्यावें.